पुलाला भीती कशाची?

बबी नापास झाली ती एका ओठापायी. तो ओठही तिचा नव्हता, सरांचा होता.

सरांच्या वरच्या ओठावर जे काही होतं त्याला मिशी म्हणणं म्हणजे धरणाला डबकं म्हणणं. ती नाकाखालून निघायची, वरचा ओठ अख्खा गिळायची आणि खालच्या ओठाच्या उंबऱ्यावर येऊन टेकायची. सर चहा प्यायले की पहिला घोट मिशी घ्यायची, मग सर. सगळं विद्यापीठ त्यांना मिशीसर म्हणायचं, पाठीमागे अर्थातच. ते पूलबांधणी शिकवायचे आणि त्या विषयात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, उगाच त्या माणसाला कोणी खलनायक समजायला नको.

आता बबीचं ऐका. लहानपणी तिला ताप आला, आणि ताप गेला तो जाताना कान घेऊन गेला. दोन्ही कानांत यंत्रं आहेत, पण त्यातून येणारं माणसाचं बोलणं म्हणजे शेजारच्या घरातलं भांडण. चाललंय एवढं कळतं, कशावरून ते कळत नाही. म्हणून बबी ओठ वाचते. इतर लोक कानाडोळा करतात म्हणजे लक्ष देत नाहीत. बबी कानाडोळा करते म्हणजे कानाचं काम डोळ्यांना लावते, आणि कान असलेल्या कुठल्याही माणसापेक्षा जास्त लक्ष देते.

पण ओठ महालबाड असतात. प, ब, भ, म, ही चारही अक्षरं ओठांवर हुबेहूब सारखी दिसतात. खोटं वाटत असेल तर आरशासमोर उभं राहून, आवाज न काढता, ‘मीठ’ म्हणा आणि मग ‘पीठ’ म्हणा. लाजू नका, कोणी बघत नाहीये. दिसला काही फरक? शिकायला म्हणून बबी आत्याकडे राहायला आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात आत्यानं चुलीपाशी उभं राहून मीठ मागितलं आणि बबीनं पिठाचा डबा नेऊन दिला. आत्याचं लक्ष नव्हतं, तिनं चमचाभर टाकलंही. बबीचं स्वतःचं नाव तरी काय सुखाचं आहे? बबी, ममी आणि पपी, तिन्ही दिसायला एकच. कोणी हाक मारली तर आपल्याला की कुत्र्याला, हे तिला मागचापुढचा अंदाज घेऊनच ठरवावं लागतं.

आणि अशा मुलीनं शिकायला घ्यावा कुठला विषय? पूल! पूल, मूल, भूल, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. शिवाय पुलावरचा भार, जो ओठांवर मारही असू शकतो, आणि पुलाचं माप, जे बापही असू शकतं आणि पापही. पण तिला पूलच बांधायचे होते. कान गेल्यापासून माणसांशी बोलताना तिला सतत अंदाज बांधावा लागे, पूल मात्र तिच्याशी सरळ वागायचा. त्याला काही होत असलं तर तडा दाखवायचा, वाकून दाखवायचा. तोंड फिरवून बोलायचा नाही.

तर गेल्या वर्षीची तोंडी परीक्षा. बबी समोर बसली. मिशीसरांनी प्रश्न विचारला, “पुलाला सगळ्यांत जास्त भीती कशाची?”

मिशीखालून जे काही झिरपलं त्यावरून बबीला दिसलं, “मुलाला सगळ्यांत जास्त भीती कशाची?”

तिला वाटलं, किती चांगले आहेत सर! परीक्षेची धास्ती जावी म्हणून आधी घरगुती काहीतरी विचारताहेत. नातू असेल घरात.

“अंधाराची,” ती म्हणाली. आणि सरांना मदत व्हावी म्हणून पुढे जोडलं, “रात्री एक छोटा दिवा चालू ठेवायचा, सर. हळूहळू जाते.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दुसरा प्रश्न विचारला, “पुलाचा भार शेवटी कोण उचलतं?”

“मुलाचा भार? आई,” बबी म्हणाली. “कधीकधी आत्या.”

शेजारचे परीक्षक हसून हसून टेबलावर आडवे झाले. सर हसले की नाही ते कळायला मार्ग नव्हता, मिशी मधे होती. निकाल लागला, तोंडी परीक्षेत नापास. ती परीक्षा दोनदाच देता येते. दुसऱ्यांदाही गेली तर विद्यापीठातून नाव कमी, आणि पूल आयुष्यभर इतरांसारखे नुसते ओलांडायचे.

यंदा बबीनं ठरवलं की आधी बोलून घ्यायचं. ती सरांच्या खोलीत गेली.

“सर, तोंडी परीक्षेत प्रश्न लिहून दिलेत तर बरं होईल. उत्तर मी तोंडीच देईन.”

सर कागदावर सावकाश लिहिण्याऐवजी बोलले. तीनदा बोलले. तिसऱ्यांदा तिला कळलं. “तोंडी परीक्षा तोंडीच असते. उद्या कामावर गेलीस की मुकादम काय तुला चिठ्ठ्या लिहून देणार आहे?”

“मग सर, निदान मिशी तरी,” बबीच्या तोंडून निघून गेलं. “माझ्या आत्याचं सलून आहे. ती छान कातरते. फक्त ओठाची कड मोकळी केली तरी चालेल.”

सरांनी दोन्ही हातांनी मिशी झाकली, जशी काही आत्या कात्री घेऊन दारातच उभी होती. त्यानंतर ते बराच वेळ संतापून बोलत होते, पण आता मिशीवर हातही आल्यामुळे बबीला त्यातलं अवाक्षर कळलं नाही. ती नम्रपणे मान हलवत राहिली आणि मग निघून आली.

कोणीतरी सांगितलं, अगं, सवलत कक्ष आहे ना आपल्याकडे, तिथं जा. गेली.

सवलत कक्ष तिसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट नव्हती. आत एक कारकून बसले होते. मनानं अतिशय चांगले. बबीच्या कानातलं यंत्र दिसताच ते उठून उभे राहिले आणि जबडा एवढा फाकवून बोलू लागले की बबीला त्यांच्या अक्कलदाढा मोजता आल्या असत्या. प्रत्येक शब्द त्यांनी रबरासारखा ताणला. असं बोललं की ओठांवरचा शब्द पार वाकडातिकडा होतो, पण हे चांगल्या माणसांना कोण सांगणार?

“काका, नेहमीसारखं बोला,” बबी म्हणाली. “मला कळतं.”

“हो हो हो,” काका म्हणाले आणि दोन वाक्यं माणसासारखं बोलले. “सवलत मिळेल ना! काय काय हवंय?” मग पुन्हा जबडा फाकला. “जा-दा अ-र्धा ता-स?”

“मला ऐकू येत नाही, काका. ते अर्ध्या तासानं येईल का?”

“तळमजल्यावरची खोली?”

“पाय चांगले आहेत. चढून आले ना वर.”

“मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका?”

“तोंडी परीक्षा आहे. प्रश्नपत्रिकाच नसते, तेच तर दुखणं आहे! मला फक्त प्रश्न लिहून हवेत. सवलत नको, काका, सोय हवी.”

“एकच की ते!”

“एकच कसं? धावायच्या शर्यतीत मला अर्ध्या वाटेवर नेऊन उभं केलं तर ती सवलत. शिट्टीऐवजी झेंडा दाखवला तर ती सोय. धावणार मीच, सगळ्यांइतकंच धावणार. सुरू कधी करायचं ते दिसू तर द्या!”

काकांना हे मनापासून पटलं. त्यांनी डोळे पुसले. मग इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, आणि हळू बोलल्यामुळे सुदैवानं नीट दिसलं, “ताई, एक उपकार करा. या अर्जातल्या रॅम्पवरही खूण करा ना. पायऱ्यांच्या बाजूला रॅम्प बांधायचं कधीचं ठरलंय, पण वरचे म्हणतात, कोणी मागितला नाही तर कशाला? चाकाच्या खुर्चीवाली मुलं पायऱ्या बघूनच परत जातात, मागायला वर येणार कशी?”

बबीला काय, एक खूण जास्त. कोणाच्या तरी कामी येईल, म्हणून तिनं रॅम्पवर खूण केली. काकांनी भरात येऊन बाकीच्यांवरही आपल्या हातानं केल्या.

पंधरवड्यानं उत्तर आलं. जादा अर्धा तास, मंजूर. तळमजल्यावरची खोली, मंजूर. रॅम्प, मंजूर, काम तातडीनं सुरू करण्यात येईल. प्रश्न लिहून देणे, नामंजूर. कारण, तोंडी परीक्षा लेखी घेता येत नाही.

ते वाचून आत्याचा पारा असा चढला की समोरच्या गिऱ्हाइकाची एक बाजू दुसरीपेक्षा आखूड झाली. “तहानलेल्याला छत्री दिलीय मेल्यांनी! नाव काय म्हणालीस त्या मिशीवाल्याचं? एकदा बसव माझ्या खुर्चीत. टॉवेल बांधला की माणूस हलू शकत नाही.”

“आत्या!”

“बरं, नाही कापत. मग आपण सराव करू.”

आत्या म्हणजे कामाला भिडणारी बाई. तिनं फरशीवर पडलेल्या केसांतून चांगले दाट काळे केस निवडले, विग चिकटवायचा डिंक घेतला आणि आरशात बघून स्वतःच्या ओठावर अशी दणकट मिशी चिकटवली की सरांनी पाहिली असती तर मान खाली घातली असती. मग बबीचं पुस्तक उघडून प्रश्न विचारायला बसली. बबीनं खालचा ओठ बघितला, हनुवटी बघितली, गालाचे स्नायू बघितले. पुलाच्या जागी मूल, भाराच्या जागी मार, पायाच्या जागी माया. तेवढ्यात रोजची गिऱ्हाईक असलेली एक बाई आत आली, आत्याला बघून “अगंबाई!” म्हणाली आणि आल्या पावली बाहेर गेली. दोघी पोट धरधरून हसल्या.

हसता हसता बबी कधी रडायला लागली ते तिलाच कळलं नाही.

“मला सगळं येतं गं आत्या. प्रत्येक उत्तर येतं. मला प्रश्नच येत नाही.”

आत्यानं तिला जवळ घेतलं. काहीतरी पुटपुटली तीही, पण बबीचं डोकं तिच्या खांद्यावर होतं, त्यामुळे ते तिला दिसलं नाही. मिशी मात्र टोचली.

परीक्षेचा दिवस उजाडला. मंजुरीप्रमाणे खोली तळमजल्यावर होती, पायऱ्यांना अगदी लागून. आत मिशीसर, आणि यंदा बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम. मॅडमचे केस पांढरे, चेहरा मोकळा आणि ओठ कसे, छापील पुस्तकासारखे! बबीला धीर आला. ती खुर्चीत बसली. सरांनी घसा साफ केला, मिशी हलली.

आणि टेबल थरथरू लागलं.

बबीला आधी ते पायांतून कळलं, मग कोपरांतून. टेबलावरचं पेन आपणहून चालत कडेपर्यंत गेलं आणि खाली पडलं. तिनं वर बघितलं तर मॅडमनी दोन्ही कानांवर हात ठेवलेले, आणि सरांचा चेहरा दात उपटताना होतो तसा झालेला. खिडकीबाहेर, पायऱ्यांच्या कडेला, दोन मजूर भलंमोठं फोडयंत्र धरून जुना चौथरा फोडत होते. रॅम्पचं काम तातडीनं सुरू झालं होतं.

सर ओरडले. मॅडम “काय?” म्हणाल्या. सर पुन्हा ओरडले, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. मॅडमनी कानामागे हात धरला आणि “काय म्हणालात?” विचारलं. सरांनी शिपायाला पिटाळलं. शिपाई बाहेर जाऊन मुकादमाशी हातवारे करून आला आणि खोलीत उभा राहून हातवाऱ्यांनीच म्हणाला, नाही, आजच, हुकूम आहे. वीस वर्षं पुलांच्या साइटवर आवाज चढवलेले सर आता मुक्यासारखे हात हलवत होते, आणि खोलीत एकच माणूस आरामात बसला होता. बबीच्या कानांना काहीच त्रास नव्हता. तिनं यंत्रं बंद करून ठेवली होती.

मग मॅडम सरांच्या कानाशी वाकल्या. एवढ्या गोंगाटात आपलं बोलणं तिसऱ्याला जाणं शक्य नाही, या खात्रीनं त्यांनी सरांच्या कानात ओरडून जे सांगितलं ते बबीनं समोर बसून शब्द न् शब्द वाचलं.

“बिचारी आहे हो. काहीतरी दोन सोपं विचारा आणि सोडून द्या.”

‘बिचारी’ या शब्दाची हीच तर पंचाईत. पिचारी नाही, मिचारी नाही, भिचारी नाही. ओठांवर त्याला जुळं भावंडच नाही, त्यामुळे चूकभूल व्हायला जागा नाही.

बबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पास व्हायचं होतं तिला, किती व्हायचं होतं! आता नुसतं गप्प बसलं असतं तरी झाली असती. क्षणभर तिनं तसा विचारही केला, खोटं कशाला बोला. मग ती उठली, फळ्यापाशी गेली, खडू घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं:

‘सोपं नको. नीट विचारा. फक्त लिहून विचारा.’

मॅडमच्या कानांवरचे हात तोंडावर आले. आपलं बोलणं वाचलं गेलं हे त्यांच्या लक्षात आलं, आणि पांढऱ्या केसांखाली त्यांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी बबीकडे बघितलं, ओठ सावकाश हलवले. “चुकलं माझं.”

बबीनं खडू सरांपुढे धरला.

सर खडूकडे बघत राहिले. तोंडी परीक्षा लेखी घेता येत नाही, हे त्यांचंच वाक्य होतं, वरून छापून आलं असलं तरी. पण तोंडी घ्यायची कशी? भिंतीतून आणखी एक हादरा आला, फळ्यावरून धूळ झडली. सरांनी खडू घेतला. लिहिलं:

‘पुलाला सगळ्यांत जास्त भीती कशाची?’

बबीनं ते वाचलं. पूल. म नाही, भ नाही, चक्क प, स्पष्ट, पांढरा, भांडायला जागाच नाही असा. वर्षभर जे नाव मिशीखाली लपून बसलं होतं ते राजरोस समोर उभं होतं.

‘पाण्याची,’ तिनं खाली लिहिलं. मग नदी काढली, नदीत खांब काढला, खांबाला वळसा घालून जाणारं पाणी काढलं. ते पाणी तळाशी भोवरा करून माती कसं उकरून नेतं आणि पाया उघडा कसा पडतो, ते बाणांनी दाखवलं. वर पुलाचं काहीच बिघडलेलं नसतं. गाड्या चाललेल्या असतात.

सरांनी लिहिलं, ‘पूर ओसरल्यावर खड्डा दिसत नाही. का?’

‘गाळ येऊन भरतो. वरून सगळं ठीक दिसतं. पण तो गाळ भुसभुशीत, त्याच्यात दम नसतो.’

‘मग कसं तपासशील?’

‘दिसण्यावर जायचं नाही. पाणबुड्या पाठवायचा. गढूळ पाण्यात त्यालाही काही दिसत नाही, म्हणून हात लावून बघायचं.’ लिहिता लिहिता बबी थांबली, तिच्या डोळ्यांत खट्याळपणा आला आणि तिनं आणखी एक ओळ जोडली. ‘तिथं खाली मिट्ट अंधार असतो, सर. म्हणजे पुलाला थोडी भीती अंधाराचीही.’

सरांची मिशी थरथरली. बबीला वाटलं हादऱ्यानं. मग लक्षात आलं की टेबल थरथरत नाहीये, नुसतीच मिशी थरथरतेय. सर हसत होते!

पुढे प्रश्नांवर प्रश्न आले. अवघड आले, एक तर असा आला की बबीचा घाम निघाला. मॅडमनीही खडू घेतला आणि चांगलं उलटंसुलटं करून घोळात घेतलं, आता दयामाया नाही म्हणून. फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. सरांच्या कोटाच्या बाह्या पांढऱ्या झाल्या. एका उत्तराचं चित्र काढून बबी मागे सरकली तेव्हा तिची नजर सहज खिडकीबाहेर गेली.

मजूर चौथऱ्यावर बसून चहा पीत होते. यंत्र बाजूला आडवं पडलं होतं. त्याच्यावर एकानं सदरा वाळत घातला होता, आणि सदरा चांगला अर्धामुर्धा वाळलाही होता.

म्हणजे आवाज कधीचाच थांबला होता! सरांना ऐकू येत होतं. मॅडमना ऐकू येत होतं. आणि सर तिच्याकडे पाठ करून, खडूनं, एकेक अक्षर नीट वळवत पुढचा प्रश्न लिहीत होते.

बबीनं फळ्याकडे तोंड वळवलं. प्रश्न वाचला आणि उत्तर लिहिलं.

शेवटी सरांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी मान डोलावली. सर बबीसमोर आले, दोन बोटांनी आपली मिशी उचलून वर धरली, पडदा धरतात तशी, आणि विद्यापीठात आजवर कोणी न पाहिलेला तो वरचा ओठ हलवून एकच शब्द म्हणाले.

ओठ मिटले, उघडले, जीभ दातांशी गेली. पास? की बास, म्हणजे पुरे झालं, नीघ आता? सरांची मिशी वर होती, ओठ लख्ख दिसत होता आणि तरीही काही कळत नव्हतं. की सर काही बोललेच नाहीत, नुसताच भास?

बबीनं खडू पुढे केला.

सरांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग खडूकडे, मग त्यांना उलगडा झाला. एवढ्या वर्षांत मिशी वर धरून हसताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. ते फळ्याकडे वळले आणि लिहिलं:

‘पास.’

त्याच्याखाली, ‘आता बास.’

बबी पुढे झाली आणि त्या पहिल्या शब्दावरून तिनं हळूच बोट फिरवलं. बोटाला खडू लागला. भास नव्हता.